इनामगावच्या रस्त्यावर भेटलेले आबा

त्या वर्षी माझा देवाशी अबोला होता. उसाचं पातं लागून माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या, मुक्ताच्या, उजव्या डोळ्याला जखम झाली. ती चिघळली आणि बुबुळावर पांढरा पडदा धरला. आमचं घराणं धनगराचं, कुलदैवत खंडोबा. बायको रोज त्याच्यापुढे हात जोडायची. मी मात्र देव्हाऱ्याकडे न बघता साखर कारखान्यावर कामाला निघून जायचो. लेकराचं काय चुकलं होतं, एवढाच माझा प्रश्न होता.

हैदराबादच्या एका दवाखान्यात तिचं नाव नोंदवून आठ महिने झाले होते. कुणाच्या नेत्रदानातून बुबुळ मिळालं तरच शस्त्रक्रिया होणार होती. एके सकाळी शेजारच्या दुकानात फोन आला. बुबुळ मिळालं होतं; उद्या सकाळपर्यंत पोचलो नाही तर ते दुसऱ्या रुग्णाला दिलं जाणार होतं. दौंडहून संध्याकाळी रेल्वे होती. शिरूरहून आम्ही तिघं माझ्या जुन्या मोटारीतून दुपारीच निघालो.

त्या मोटारीचा फॅनबेल्ट कित्येक महिने किंचाळत होता. इंजिनापुढचा हा रबरी पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा डायनामो असं सगळं फिरवतो. गॅरेजवाल्याने तो दोनदा बदलला, दर वेळी आणखी ताणून बसवला. चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. त्या दिवशी न्हावरे मागे टाकून इनामगावच्या बाजूला लागलो आणि किंचाळणं एकदम वाढलं. चार्जिंगचा लाल दिवा लागला, इंजिन तापल्याचा काटा वर चढू लागला. बाभळीच्या सावलीत मोटार उभी केली. एक जीप गेली, तीही टपापर्यंत भरलेली. मी मोरीच्या कठड्यावर बसून राहिलो. रागवायचीही ताकद उरली नव्हती. मनात एवढंच आलं, की देवा, माझं सगळं करून झालं, आता तुझं तू बघ.

थोड्या वेळाने सायकलवरून एक म्हातारे गृहस्थ आले आणि बॉनेट उघडं बघून आपणहून उतरले. दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये आयुष्यभर फिटर होते. लेकीच्या गावी विहिरीवरचं इंजिन दुरुस्त करून परत चालले होते. पान्यांची पिशवी हँडललाच होती. मी दौंडच्या रेल्वेची घाई आणि पट्ट्याच्या आवाजाचं सांगू लागलो, तर त्यांनी हात कानामागे धरला.

"मोठ्यानं बोला. शेडमधल्या इंजनांनी कान न्हेलं माझं."

मी खचलोच. तक्रार आवाजाची, आणि माणूस कमी ऐकणारा. पण पुढे जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

इंजिन निवल्यावर त्यांनी मला मोटार सुरू करायला लावली आणि फिरत्या पट्ट्यावर लांबूनच थोडं पाणी शिंपडलं. मग मुक्ताला जवळ बोलावलं.

"बाय, आवाज हाय का गेला?"

"गेला, आबा," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. थोड्या वेळाने परत आल्याचंही तिनेच सांगितलं. आबांनी मान डोलावली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डायनामोवर टेकवलं, आतली थरथर टिपायला त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. पंपावरही तसंच केलं. कीर्तनात रंगलेल्या माणसाचा असतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"बेरिंगा चांगल्या हायत. पाण्यानं आवाज जातोय, म्हंजी पट्ट्याचा बी दोष न्हाई, सैल न्हाई त्यो. डायनामो आत बसलाय, म्हनून पट्टा तिरका पळतोय."

इंजिन बंद करून त्यांनी पट्टा ज्यांवरून फिरतो त्या दोन्ही चाकांवर दोरी ताणून धरली, तेव्हा मलाही तो एका नाण्याच्या जाडीएवढा फरक दिसला. मागच्या कुठल्यातरी दुरुस्तीत एक वायसर, बोल्टात घालायची लोखंडी चकती, बसवायचा राहून गेला होता. पिशवीतला एक वायसर त्यांनी कानशीने घासून मापात आणला, डायनामोच्या बोल्टात घातला आणि एका कडेला झिजलेला पट्टा उलटा फिरवून चढवला. मी पाना घेऊन आवळायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"लय ताणू नका. अंगठ्यानं दाबला की अर्धं बोट आत गेला पायजे. त्याला बी जरा मोकळीक लागती."

मोटार सुरू केली. किंचाळणं नव्हतं. आबांनी मडगार्डवर तळवा ठेवला आणि मुक्ताकडे बघितलं. ती हसली, तशी त्यांनी हत्यारं पुसायला घेतली. मी पाया पडलो, नाव विचारलं. म्हणाले, सकाळीच निघणार होतो, लेकीनं जेवायला थांबवलं. आता बोलत बसू नका, तुमची गाडी चुकेल.

गाडी चुकली नाही. शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांनी मुक्ताने डावा डोळा झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचले, तेव्हा तिची आई तिथेच बसून रडली.

आबांना शोधायला दौंडला दोनदा गेलो, भेटले नाहीत. ज्याचं बुबुळ माझ्या लेकीच्या डोळ्यात आहे, त्याचं नावही दवाखाना सांगत नाही. आबा नेमके तेव्हा भेटले हा चमत्कार होता की योगायोग, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. आम्हाला ज्यांनी तारलं, त्या दोघांचीही नावं मला ठाऊक नाहीत. म्हणून आता खंडोबासमोर उभा राहिलो, की काही मागत नाही. त्या दोघांसाठी हात जोडतो आणि घरी येतो.