गोदामावरची अक्का

अक्का कुठलीही वस्तू आधी नाकाशी न्यायची. पाण्याचा तांब्या, लग्नातला बुंदीचा लाडू, मी दिलेला सरकारी कागदसुद्धा. उमापूरकडच्या त्या गावात मी ग्रामसेवक म्हणून नवा होतो. मला हसू यायचं. "हसा भाऊसाहेब," ती म्हणायची. "म्या एकदा हुंगून बी गप ऱ्हायले. आता न्हाई ऱ्हात."

कारण गावाबाहेरच्या गोदामात होतं. टोळधाडीसाठी कधीकाळी आलेली विषारी पावडर तिथं तशीच पडून होती. पत्रे उडालेले, पोती फाटलेली. अक्काच्या नवऱ्यानं हमाल म्हणून ती उघड्या पाठीवर वाहिली होती. रिकामं पोतं घरी न्यायची परवानगी म्हणजे साहेबांची मोठी मेहेरबानी! अक्कानं ती पोती ओढ्यावर धुतली आणि लेकीसाठी गोधडीला लावली. लेक तीन हिवाळे त्या गोधडीवर निजली. मग तिला झटके यायला लागले आणि एक दिवस ती गेली. "वास येत व्हता," अक्का सांगायची. "म्या म्हनलं, धुतल्यावर जाईल."

मी गावात रुजू झालो त्याच वर्षी वरून पत्र आलं. पावडर गायरानात खड्डा करून पुरा, ग्रामसभेचा ठराव पाठवा. गायरानाच्या खाली ओढा, ओढ्याकाठी गावाची विहीर. तरी मी सरपंचाच्या ओसरीवर चहा पिता पिता 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं आणि सह्यांसाठी वही घरोघर फिरवली. हो, मीच. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

अक्कानं अंगठा दिला नाही. "अर्धं गाव उसाच्या फडात हाय. मंग हे सर्वानुमते कोनाच्या मतानं? कावून एवढी घाई? मान्सं पाडव्याला येतेत, तवा इचारा." तोवर ती रोज सकाळी गोदामाच्या पायरीवर जाऊन बसायची. खड्डा खणायला आलेलं मशीन तिनं दोनदा परत पाठवलं. सरपंच तिला म्हातारचळ लागला म्हणाला. त्याच्या घरी नळ होता, विहिरीचं पाणी त्याला कुठं प्यायचं होतं!

पाडव्यानंतर खरी ग्रामसभा भरली. तालुक्याचे साहेब आले. म्हणाले, "जुनी पावडर आहे, तिच्यात आता काही दम राहिलेला नाही." अक्कानं एक रिकामं पोतं काठीच्या टोकावर धरून त्यांच्यासमोर आणलं. "मंग हुंगा की साहेब." साहेबांनी झटकन नाकाला रुमाल लावला. सभेत कुणी हसलं नाही. त्या रुमालानंच ठराव बदलला. पावडर बंद पिंपांत भरून लांबच्या मोठ्या भट्टीत जाळायची, भरताना गावची चार माणसं हजर राहणार, विहिरीचं पाणी आधी आणि नंतर तपासायचं. प्रत्येकाचं म्हणणं मी नावासकट लिहिलं. पहिला अंगठा अक्काचा.

पुढं वर्षभर खेटे घालावे लागले. अखेर पावडर न्यायला माणसं आली ती नखशिखांत पांढऱ्या पोशाखात. मुखवटे, हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट. त्यांनी बांधलेल्या दोरीच्या अलीकडं अक्का माझ्याशेजारी उभी होती. संध्याकाळी त्यांनी पोशाख उतरवले आणि तेही पिंपात कोंबून झाकण लावलं.

"हे कावून?"

"एकदा अंगावर घातलं की तेही विषच, अक्का. तेही जाळतात."

तिनं त्या पिंपाकडं पाहिलं. मग दोरीपलीकडच्या शेवटच्या पोत्याकडं बोट करून म्हणाली, "त्यावर काय लिवलंय? आमच्या गोधडीवर बी तसंच व्हतं. फुलावानी दिसायचं, म्हनून वरच्या अंगाला घेतलं व्हतं."

मी वाचलं. इंग्रजी होतं. पोतं पुन्हा वापरू नये, जाळून नष्ट करावं.

मी सांगितलं.  पदर नाकाला लावून अक्का घराकडं चालू लागली, आणि त्याच पावसाळ्यात वारली. तेव्हापासून कुणी "लिहून टाका सर्वानुमते" म्हणालं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी वही मिटतो आणि विचारतो, कोणाकोणाला वाचून दाखवलंत?