अंड्याला वाहिलेलं कुंकू

तबलेवाले काका नसते तर मी बडोद्यात टिकलेच नसते. हे आधी सांगते, मग झालं ते.

सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं आणि माणदेशातून थेट बडोद्यात, प्रतापनगरच्या खोलीत आले. मकरपुऱ्यातला नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा घर माझ्या शिलाईवर आलं. मंडपवाल्या शेठनं मला एका हॉलमध्ये काळे पडदे शिवायला धाडलं. तिथं चित्रकारांचं काहीतरी नवंच चाललेलं. अंधारात जमिनीवर आडवं व्हायचं, भिंतींवर उजेड, खालून आवाज. म्हणे या मुलखाची कोट्यवधी वर्षांपूर्वीची हकिगत कळते.

सकाळी गेले तर कोपऱ्यात वाळूवर एक गोल दगड, वर एकच दिवा. आमच्याकडे असा दगड दिसला की पाया पडूनच कामाला हात लावतात. मी पिशवीतलं हळदकुंकू वाहिलं आणि शिवायला बसले.

दुपारी चित्रकार बाई किंचाळल्या, "आ शुं कर्युं? अंडं आहे ते! डायनासोरचं!"

मी सुई टाकून धावले. तेवढ्यात आलेला शेठ म्हणाला, "बेन, उद्यापासून येऊ नको."

खालून येणारा आवाज ज्यांचा, ते तबलेवाले काका तिथंच तबला पुसत होते. बडोद्यातल्याच पाणीगेटचे मराठी, पण बोलणं अर्धं गुजराती. "अरे शेठ, अंडं म्हणून पाटी लावलेली के? मी पण नमस्कार करूनच बसलो ने!" बाईसुद्धा हसल्या. मग काका त्यांना म्हणाले, "आणि बेन, तुमचा उजेड तर लाल. कुंकू दिसणार कोणाला?"

तो लाल दिवा लावून पाहिला. खरंच दिसेना. हळद बाईंनी ब्रशनं हलकेच झाडली.

मग काकांनी मलाच आडवं व्हायला लावलं. "ऐक आता."

आधी समुद्र आला. इथं, बडोद्याजवळ! मग जड पावलं. मग डग्ग्यावर त्यांचा तळवा घासत गेला आणि भिंती पेटल्या.

"जमीन फाटून वर आलेली हीच आग तुमच्या गावापर्यंत पसरलेली," काका म्हणाले. "गार झाली, तो तुमचा काळा दगड."

मी ताडकन उठून बसले. आई काळ्या दगडाच्या ज्या खलात मिरची कुटते, तो आग होता? आणि ज्याला मी हात जोडले, त्यातलं पिल्लू कधी बाहेरच आलं नाही?

काम हातचं गेलं नाही, चूल पेटत राहिली. काका म्हणायचे, त्या आगीच्या आवाजात खऱ्या दगडाचा नाद हवा होता. आईचा खल बत्ता लागला की खणखणतो. तसाच एक गावाहून आणून त्यांच्या पुढ्यात ठेवीन. अजून जाणं झालं नाही, पण ठेवीनच.