ऐकू येणं आणि ऐकणं

“ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं,” आमचे दिल्लीतले शेजारी विश्वासराव उजगरे एकदा म्हणाले.

रविवारी ते चर्चहून परतले, की माझे यजमान भालचंद्र त्यांना बायबलातल्या विसंगतींवरून छेडायचे. त्या दिवशी म्हणाले, “पौलाला आकाशातून हाक आली. ती सोबत्यांनी ऐकली, असं एकीकडे लिहिलंय. ऐकली नाही, असं दुसरीकडे. बोला, उजगरे.”

त्यावर विश्वासरावांचं ते उत्तर: ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

“बिल्कुल,” मी म्हणाले. “पहाडगंजच्या मराठी शाळेत मला नोकरी मिळतेय, उद्या कळवायचंय. महिनाभर सांगतेय. यांचं नुसतं अच्छा, अच्छा.”

भालचंद्र माझ्याकडे वळले. “कोणता वर्ग देतायत?”

शाळेतल्या माझ्या सगळ्या वर्षांसाठी मी विश्वासरावांची ऋणी आहे. त्या दिवशी वाद जिंकला होता, तरी आम्हा दोघांना बोलू देत, चहा अर्धा ठेवून ते बाहेर पडले.