हाताने उठवलेला सर्व्हर

आपोआप होणाऱ्या गोष्टींचा आमच्या भाऊजींइतका वैरी अख्ख्या भंडारा जिल्ह्यात झाला नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोहाडीच्या एका धान खरेदी संस्थेचा सर्व्हर ते सांभाळत, आणि मला तिथे चिकटवलं तेही त्यांनीच. सर्व्हर चालू झाला की आतल्या सेवा आपल्या आपण सुरू व्हाव्यात अशी सोय मशीनमध्ये असते. ती भाऊजींनी एकूण एक बंद करून टाकली होती. रोज सकाळी चपला बाहेर काढून ते काळ्या पडद्यासमोर बसत आणि एकेक आज्ञा टाइप करून सेवांना हाताने उठवत. आधी डेटाबेस, मग शेतकऱ्यांना नंबर देणारा टोकनचा प्रोग्राम, शेवटी प्रिंटर. उठवलं की स्थिती विचारायची, हिरवी अक्षरं दिसली तरच पुढची आज्ञा. तोवर चहाला हात नाही. लाईन, म्हणजे वीज, गेली की पुन्हा पहिल्यापासून, आणि आमच्याकडे लाईन उन्हाळ्यात दिवसातून चारदा जाते. बपेऱ्याला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, तिथे भाऊजी भर पंगतीतून उठले. "लाईन गेली मनते, मी आलोच," म्हणाले, आणि आले ते दुसऱ्या दिवशी.

या हट्टाला कारण होतं. एकदा टोकनचा प्रोग्राम डेटाबेसच्या आधीच उठून बसला आणि धानाचे ट्रॅक्टर दिवसभर टोकनविना उभे राहिले. "जो आपल्या मनानं उठते, तो आपल्याच मनानं झोपते," भाऊजींनी तेव्हाच ठरवून टाकलं.

मग ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले आणि काम माझ्या गळ्यात पडलं. माझ्याकडे थोडी विद्या होती आणि भरपूर आळस. डेटाबेस उठल्यावरच टोकन उठेल असं मी सेटिंगच्या फायलीत लिहिलं, आणि सगळ्या सेवा आपोआप सुरू होतील असं करून टाकलं. वाटलं, भाऊजींनाही आराम पडेल.

काळा चष्मा लावून ते परत आले, बसले, स्थिती विचारली. सगळं आधीच हिरवं.

"कोनं उठवलं याले?"

"आपोआप, भाऊजी. क्रम तुमचाच आहे."

त्यांनी पुन्हा एकदा स्थिती विचारली. "मंग मी कायले येऊन राहिलो?"

मी हसलो. त्यांची नेमणूक वर्षावर्षाची होती. मुदत संपत आली तेव्हा संस्थेच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, "तुमच्या भाऊजीशिवाय चालते का?" मी म्हणालो, "चालते." उत्तर खरं होतं. ते माझ्या तोंडून जायला नको होतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी पासवर्डचा कागद माझ्या हातात दिला. राग नव्हताच. "लाईन गेली अन् काही अडलं, त बोलावजो," एवढंच म्हणाले.

दोन उन्हाळे गेले. लाईन असंख्य वेळा गेली आणि एकदाही काही अडलं नाही. ताई सांगते, घरची लाईन गेली की ते फोन हातात घेऊन बसतात. काही अडलं नसतानाही एकदा तरी मी बोलवायला हवं होतं.