गिदोनबाबांची निवड

गिदोनबाबा माणूस पाण्यावरून जोखत. बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या छोट्या प्रार्थनाघराचे ते उपदेशक, आणि भिंतीपलीकडे आमचा केळीचा मळा. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर कोणी प्यायला आलं की बाबा भिंतीवरून टक लावून बघत. हातानं पाणी उचलून प्यालं तर "निवडला!", गुडघे टेकून तोंड लावलं तर "घरी जा!" बायबलातल्या गिदोनाची फौज देवानं अशीच पाण्यावर छाटली, हजारोंतून तीनशे ठेवले, ही गोष्ट त्यांनी आम्हा पोरांना इतकी सांगितली, की त्यांचं खरं नाव सगळे विसरले.

माझे वडील नेमके गुडघे टेकून, थेट ओठ लावून पीत. "पाटील, तुम्ही आजही घरी," बाबा म्हणत. वडील मिशा पुसत हसत, "बरं झालं बाबा, मले कुठं लढाईले जायचं आहे!"

मग राज्यांची नवी आखणी झाली. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि बाबांची मराठी मंडळी पांगू लागली. कोणी रेल्वेत बदली मागून भुसावळला गेलं, कोणी पोरांच्या शाळेसाठी जळगावला. दर निरोपाला बाबा म्हणत, "देव छाटणी करतो आहे. पाटील नाही का केळीची पिलं कापून एकच ठेवत?" वडिलांना काही ते पटत नसे. "ठेवलेल्या पिलालेबी पाणी लागते ना बाबा. ते कोण देईन?"

शेवटी बाबांची एकुलती एक लेकही नवऱ्याबरोबर गेली. त्या दिवशी छाटणीचं वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही. टांगा वळून गेला तरी ते हात वर धरून उभे होते. पुढे दर रविवारी बाबा म्हणत, "मंडळीनं उभं राहावं," आणि रिकाम्या बाकांमधून त्यांची एकटी बायको उभी राही. त्यांना आम्ही आईच म्हणायचो. मला भिंतीपलीकडून ते ऐकवत नसे. एकदा मी विचारलं, "बाबा, तुम्ही का नाही जात?"

"निवडलेल्यानं जायचं नसतं गं," ते म्हणाले. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

आई ऐन उन्हाळ्यात गेल्या. खांदा द्यायला मंडळीतलं कोणी उरलंच नव्हतं. कोणाला हाक मारावी ते न कळून बाबा नुसते दारात उभे होते. वडील मळ्यातले गडी घेऊन आपणहून आले. "चाला बाबा," एवढंच म्हणाले.

कबरस्तान मळ्याच्या पलीकडे. ऊन मी म्हणत होतं. दम घ्यायला खांदेकऱ्यांनी शवपेटी थारोळ्याच्या कठड्यावर टेकवली. ती घसरू नये म्हणून वडिलांनी एक हात तिच्यावर दाबून धरला, आणि दुसऱ्या हातानं पाणी उचलून प्याले. त्यांना तसं पिताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाबाही बघत होते. मला वाटलं, आता "निवडला!" म्हणतील.

"पाटील," ते म्हणाले, "अशा कामाला नव्हतं हो तुम्हाला निवडायचं." आणि तिथंच, थारोळ्याशी गुडघे टेकून रडू लागले. त्यांना 'घरी जा' म्हणणारं तिथं कोणी नव्हतं.