फाउल्स की वाउल्स

जाइल्स मूळचा वाउल्स. सॉमरसेटच्या खेड्यापाड्यांत माणूस बोलायलाच शिकतो तो 'फ'चा 'व' आणि 'स'चा 'झ' करत. लंडनला आल्यावर त्यानं आधी आडनावातला 'व' पुसला आणि फाउल्स झाला.

आमच्या मधोमध आभाळाला उघड्या नाटकघरात मी सज्ज्याच्या दाराशी पैशांची पेटी धरून उभी असे. रंगमंचावर कुणी नांगऱ्या आला की तो सॉमरसेटचंच बोले आणि लोक पोट धरून हसत. अशी सगळी कामं जाइल्सकडे. त्यानं नुसतं 'झायेब' म्हटलं तरी पुरे. त्याला मात्र आयुष्यात एकदा असं काही बोलायचं होतं, ज्याला कुणी हसणार नाही.

अखेर त्याला दूताचं काम मिळालं. लढाईवरून येऊन राणीला सांगायचं : विजय आपला झाला, पण राजपुत्र फौजेसमोर पडले. जाइल्स नदीकाठी 'फौज, फौज' घोकत फिरायचा. 'व'ची इतकी धास्ती घेतली की तालमीत म्हणाला, "राणीसाहेब, फिजय आपला झाला!"

मंडळी लोळली. "आता वाइनला 'फाइन' म्हणणार का रे?" मीही म्हटलं.

मालक केटली हसले नाहीत. "लेका, 'व' चावतो का तुला? उद्या एक अक्षर घसरलं, तर जन्मभर नांगरच धर."

"नाही घसरणार, मालक."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लखलखीत चिलखतात आला, गुडघ्यावर बसला. राणीनं विचारलं, "माझा मुलगा?"

अशी बातमी जाइल्सनं एकदाच सांगितली होती, स्वतःच्या आईला. धाकटा भाऊ वॉट फ्लँडर्सच्या लढाईत गेला तेव्हा. मग तोंडून आलं ते तेव्हाचंच.

"माये, विजय झाला. पन तुजं पोर वौजंम्होरं पडलं. झांजंला म्या त्येचं डोळं मिटलं."

खाली उभ्या गर्दीत सवयीचं हसू फुटलं आणि अर्ध्यातच विरलं. लोक खेळभर दातांनी हेझलनट फोडत, तेही आवाज थांबले. एवढी माणसं, आणि सज्ज्याच्या छपरावर कबुतर चाललेलं ऐकू येत होतं. माझ्या हातातली पेटी जड झाली. ज्या बोलीवर मी इतकी वर्षं हसत आले, ती त्या उन्हात एखाद्या प्रार्थनेसारखी उभी होती.

पडद्यामागे जाइल्सनं शिरस्त्राण काढलं. "घसरलं, मालक. आणा तो नांगर."

केटलींनी बाहीनं डोळे पुसले. "उद्याही असाच घसर."

दुसऱ्या दिवशी पेटीत नाणं टाकताना एका बाईनं विचारलं, "तो दूत झालेला कोण हो? फाउल्स ना?"

"वाउल्स," मी म्हटलं. "'व'नं."