सतरा रकाने आणि एक चिमूट माती

"मॅडम, ह्या मातीत काय बी येनार नाय," बेबीताई म्हणाल्या. आमचा सहावा ट्रक तेव्हा खड्ड्यात रिकामा होत होता.

मी वैतागले. माझ्या क्लिपबोर्डवर त्याच मातीचा लॅब रिपोर्ट होता. सतरा रकाने, सतराही पास.

निडीजवळची ती केमिकल कंपनी कधीच बंद पडलेली. तिने मागच्या प्लॉटमध्ये वर्षानुवर्षं गाळाचे ड्रम पुरले होते. ते साफ करण्याचं काम आमच्याकडे आलं. विषारी माती उकरायची, बंद ट्रकमधून पनवेलच्या पुढे विल्हेवाट केंद्रावर पाठवायची. प्रत्येक ट्रकबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे काय निघालं आणि कुठे पोचलं याची चिठ्ठी. मग खड्ड्याचा तळ तपासायचा आणि स्वच्छ निघाला की वर चांगली माती भरायची. याला बॅकफिल म्हणतात. प्रत्येक टप्प्याची माझ्याकडे यादी असते. यादीशिवाय मी भाजीलाही जात नाही.

प्लॉटच्या खालच्या अंगाला बेबीताईंचं शेत. पावसाळ्यात भात, नंतर वाल. प्लॉटचं पाणी उतरून त्यांची वरची दोन खाचरं पडीक झाली होती. यंदा ती लावायचीच, म्हणून त्या रोज बांधावर बसून आमच्यावर नजर ठेवत.

"लॅबने तपासलीय, बेबीताई. शिसं नाही, क्रोमियम नाही."

"आसंल. पन चाखलीस का गो?"

"अहो, तोंडात नका घालू!" असं मी ओरडेपर्यंत चिमूटभर माती त्यांच्या जिभेवर होती. त्या थुंकल्या.

"मीठ हाय. माजं म्हायेर खारेपाटातलं, पेनच्या तिकडं. बाप मिठागरावर होता. मला शिकवतेस?"

खारेपाट म्हणजे खाडीकाठचा खारा पट्टा. तिथे बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरलं, की ती जमीन लवकर भात देत नाही. हे मलाही माहीत होतं. फक्त त्या दिवशी आठवलं नव्हतं.

मी कॉन्ट्रॅक्टर राजनला बोलावलं.

"माती कुठली?"

"एकदम फ्रेश, मॅडम."

"कुठली, राजन?"

"धरमतरची. वाटेवरच तिकडं खाडीला खोदकाम चाललंय. आपले ट्रक धुऊन रिकामेच परत येतात, म्हटलं कशाला फुकट डिझेल जाळा? आनि रिपोर्ट तर पास हाय!"

पास होणारच. लॅबला रकाने मीच दिले होते. कंपनीने पुरलेली सतरा विषं त्यात होती. मीठ कंपनीने पुरलं नव्हतं.

गाडीच्या डिकीत पाण्याचा खारेपणा मोजायचं मीटर होतं. बोअरच्या पाण्यासाठी आम्ही ते रोज वापरायचो. बाटलीत माती आणि पिण्याचं पाणी घालून हलवलं, गाळ बसू दिला, मीटर बुडवलं. आकडा चढतच गेला.

"काय म्हनतंय मशीन?"

"तुमच्यासारखंच."

"मंग चांगलं हाय मशीन."

मी ऑफिसला फोन लावला. सर म्हणाले, "मीठ आपल्या स्कोपमध्ये आहे का?"

"नाही."

"मग प्रॉब्लेम काय? शुक्रवारी हँडओव्हर आहे."

"सर, पावसात या भरावाचं पाणी खालच्या शेतात उतरणार. विष काढून आपण मीठ घालतोय."

"क्लायंटला कारण काय देऊ?"

"यादीत चूक होती असं लिहा."

"यादी कोणाची?"

"माझी."

"मग तूच लिही."

मी लिहिलं. सहाही ट्रकची माती उकरून राजनला परत न्यायला लावली. मग कासूच्या बाजूच्या डोंगरउतारावरून लाल माती आणली. आधी लॅब, मग मीटर, मग नाइलाजाने बेबीताई. "चालंल," त्या म्हणाल्या. हँडओव्हर नऊ दिवस उशिरा झाला. बेबीताईंनी यंदा दोन्ही खाचरं लावली. भात फार जोमदार नाही, पण उभा आहे.

माझ्या चेकलिस्टमध्ये आता 'क्षार' हा अठरावा रकाना आहे. त्याखाली मी एक ओळ वाढवली: 'भराव टाकण्याआधी, खाली ज्याचं शेत आहे त्याला माती दाखवावी.' हेड ऑफिसने मसुदा परत पाठवला. या ओळीपुढे सही कोणत्या अधिकाऱ्याची, असं विचारलं आहे.

मी बेबीताईंचं नाव लिहून पाठवलंय. अजून उत्तर नाही.